गॅरेज मालकाचं उत्तर: टेप मारायचे पैसे घेतले नाहीत

नमस्कार दादा, तुमचा रिव्ह्यू काल रात्री घरी गेल्यावर वाचला. एक स्टार, आणि खाली "दोन दिवस गाडी अडकवली, फोन उचलत नाहीत, एका वायरला टेप मारायचे 1,400 रुपये, दहा मिनिटांचं काम, लुटतात". फोन उचलला नाही ही माझी चूक, मनापासून माफी मागतो. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर होती, सगळ्यांनाच गाडी चवथीआधी पायजे, घरी गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचं फळांपानांचं सामान पण आणायचं बाकी, तरी मी उलटा एक फोन करायला हवा होता.

पण ते दहा मिनिटांचं काम म्हणालात ना ते फार लागलं.

गाडी आणलीत तेव्हा एवढंच सांगितलंत की बाईक सेकंडहँड घेतलीय, मधेच बंद पडते, बॅटरी बदला. मी मीटर लावला, बंद गाडीवर 12.6 व्होल्ट, चालू करून रेस दिल्यावर 14, म्हणजे बॅटरी चांगली आणि चार्जिंग पण चांगलं. नवी बॅटरी विकून मी खरंच दहा मिनिटांत मोकळा झालो असतो आणि पेडण्याला पोचायच्या आत गाडी परत बंद पडली असती.

मग फ्यूज उघडला तर 15 अँपच्या जळक्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. विचारल्यावर म्हणालात, "सारखा उडायचा म्हणून मीच लावली." दादा, हे आल्या आल्या सांगायचं होतं. फ्यूज उडतो तो वायर वाचवायला, चांदी लावली की शॉर्ट झाला तरी उडत नाही, गाडी तेवढ्यापुरती मरते आणि आत वायर भाजत राहते.

त्यात गॅरेजात उभी असताना गाडीला काहीच होत नव्हतं. फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा बल्ब जोडला, लाईट हॉर्न सगळ्यांचे कपलर, म्हणजे वायर जोडायचे सॉकेट, सोडवले, म्हणजे आता बल्ब पेटला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय. सीटखालून टेललाईटपर्यंत वीतवीत वायरिंग हलवून बघितलं, संध्याकाळ गेली, बल्ब काही पेटेना. दुसऱ्या दिवशी टाकी उतरवली, पोरगा हँडल हळूहळू फिरवत होता, मी बल्बकडे बघत होतो, उजवीकडे पूर्ण वळल्यावर भक्कन पेटला. आधीच्या मालकाने जादा हॉर्न लावताना वायरिंग हँडलच्या मानेला ताणून बांधलेलं, घासून घासून एका वायरचा कोट गेलेला, नखाएवढं तांबं उघडं आणि आपल्या खाऱ्या हवेने हिरवं पडलेलं. शेजारच्या दोन वायरी वितळून एकमेकींना चिकटलेल्या, हे झालं त्या चांदीमुळे.

तिन्ही कापून नवे तुकडे घातले, सोल्डर केले, स्लीव चढवली, वायरिंग सैल सोडून दुसऱ्या बाजूने फिरवलं आणि सगळ्यात शेवटी वरून टेप मारली. तुम्हाला दिसली ती टेप. शोधायचे पाच तास दिसत नाहीत पण ते माझेच गेले ना, आणि सामान, नवा फ्यूज, सीटखाली ठेवलेले दोन जादा फ्यूज धरून 1,400. पूर्ण नवीन वायरिंग घालायला सांगितलं असतं तर किती झाले असते ते डिचोलीत कुठेही विचारून बघा.

"लुटतात" लिहिलंत ते आता गॅरेजचं नाव शोधणाऱ्या प्रत्येकाला पहिलं दिसतं. जागा भाड्याची आहे, चवथीनंतर काम तसंच कमी असतं. माझ्या हाताखालच्या पोराने पण वाचलं, तो दिवसभर गप्प होता.

यापुढे जुन्या गाडीचं वायरिंग हातात घेताना खर्चाचा अंदाज आधी सांगीन, आणि फोनचं पण काहीतरी करतो.

कापलेल्या तिन्ही वायरी फेकलेल्या नाहीत, पिशवीत घालून काउंटरवर ठेवल्यात. कधीही या, स्वतः बघा, मग स्टार किती द्यायचे ते तुम्ही ठरवा. आणि हात जोडून सांगतो, फ्यूज उडाला तर चांदी लावू नका, गाडी तशीच ढकलत आणा.