पासपोर्ट अमेरिकेचा, घर भारतातलं

जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा दत्तकाबद्दलचा तो निकाल आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, तेव्हा इथे न्यू जर्सीत उजाडायचं होतं. जाऊबाईंनी बातमी टाकली होती. त्याखाली चुलत सासऱ्यांनी लिहिलं होतं, "कोर्टाला काळीज नाही." आणि त्याखाली पुण्याच्या एका दिरांनी, "अमेरिकेत मूल जन्माला घालायचं, तिकडचा पासपोर्ट काढायचा आणि मग भारताच्या कायद्याने आपल्याला सोयीचं वागावं म्हणायचं, हे कसं चालेल?" दिवसभर वाद चालला. मी एक अक्षर लिहिलं नाही. जे म्हणायचं होतं ते ग्रुपच्या दोन ओळींत मावणारं नव्हतं.

प्रकरण असं होतं. भारतात राहणाऱ्या एका जोडप्याला नातेवाइकांचा मुलगा दत्तक घ्यायचा होता. मुलगा २०१९ साली अमेरिकेत जन्मलेला, म्हणून जन्मानेच अमेरिकी नागरिक. काही महिन्यांचा असताना तो भारतात आला आणि तेव्हापासून याच दोघांकडे वाढला. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाने, म्हणजे 'कारा'ने, त्यांची नोंदणी करून घेतली नाही, म्हणून ते कोर्टात गेले. कोर्टाने सांगितलं की २०१५ चा बाल न्याय कायदा काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी आणि विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, मुलांसाठी आहे. हे मूल दोन्हींत बसत नाही. परदेशी नागरिक असलेलं मूल, नात्यातलं असलं तरी, या कायद्याखाली दत्तक घेता येत नाही, आणि असं अमेरिकी मूल दत्तक घेण्याचा मूलभूत हक्क कुणाला नाही. आधी अमेरिकेच्या कायद्याने दत्तक घ्या, मग पुढची प्रक्रिया भारतात करा.

मला या निकालाचा राग आला नाही. कायद्यात जे लिहिलंय ते न्यायाधीशांनी वाचून दाखवलं. पण दिरांचं म्हणणंही गळी उतरलं नाही. कारण हाच रस्ता उलट्या दिशेने आम्ही चाललो आहोत.

२०१३ मध्ये माझी नणंद आजारपणात गेली, तेव्हा तिचा मुलगा जेमतेम दीड वर्षाचा होता. आम्ही दोघं तेव्हा अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर होतो, मूलबाळ नव्हतं. नणंदेच्या यजमानांनी, भाऊजींनी, स्वतः विषय काढला. सासूबाईंनी होकार दिला. २०१४ च्या सुरुवातीला नाशिकला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली दत्तकपत्र नोंदवलं. १९५६ च्या त्या कायद्यात दत्तहोम सक्तीचा नाही, मूल द्यायचं आणि घ्यायचं हे प्रत्यक्ष घडलं पाहिजे एवढंच आहे. भाऊजींनी त्याला माझ्या मांडीवर ठेवलं आणि उठून बाहेर गेले. ते बराच वेळ आत आले नाहीत.

वकील म्हणाले होते, नोंदणीकृत दत्तकपत्र आहे, आता काही अडचण नाही. भारतात नव्हतीच. अडचण व्हिसाच्या खिडकीवर कळली. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात आमच्यासारख्यांचं दत्तक मूल 'मूल' ठरायला दोन वर्षांचा कायदेशीर ताबा आणि दोन वर्षांचं एकत्र राहणं लागतं. दोन देशांमधल्या दत्तकासाठीच्या हेग कराराच्या रस्त्याने, म्हणजे आय-८०० अर्जाने, मूल आणायचं तर नवराबायकोंपैकी एक तरी अमेरिकी नागरिक असावा लागतो. आम्ही नव्हतो. म्हणजे मुलाला आमच्याकडे न्यायचं तर आधी त्याच्याबरोबर दोन वर्षं राहा, आणि तो तिकडे येऊ शकत नाही म्हणून तुम्ही इकडे राहा. मी नोकरी सोडली. नाशिकला सासूबाईंच्या घरी दोन वर्षं काढली. हे तिकडे, वर्षातून एकदा तीन आठवडे यायचे. मुलगा त्यांना फोनवरून ओळखत होता. २०१६ मध्ये विमानतळावर त्याने बाबांना पाहून माझ्या पदराआड तोंड लपवलं, आणि ह्यांनी हात पुढे केला नाही, नुसते शेजारी बसून राहिले. दोन तास.

त्या दोन वर्षांत मी चिडून खूप वाचलं. चिडून वाचलं तरी काही गोष्टी मनात राहतातच.

आंतरदेशीय दत्तकाची आज जी कडक शिस्त आहे तिची सुरुवात एका पत्रातून झाली. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं की भारतातली मुलं परदेशी दत्तक देण्याच्या नावाखाली गैरप्रकार होताहेत. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानलं आणि ६ फेब्रुवारी १९८४ ला न्यायमूर्ती भगवतींनी नियमांची चौकट घालून दिली. पुढे कारा आलं, १९९३ चा हेग करार आला, भारताने तो २००३ मध्ये स्वीकारला. हे कागद कुणी उगाच वाढवलेले नाहीत. आपल्या पुण्यातल्याच एका संस्थेवर मुलांच्या दत्तक व्यवहारावरून २०१० मध्ये सीबीआयची चौकशी लागली होती. २०१७ मध्ये टेक्सासात बिहारमधून दत्तक आणलेली तीन वर्षांची मुलगी मृत सापडली आणि तिच्या दत्तक वडिलांना जन्मठेप झाली. ती बातमी आली तेव्हा आमचा मुलगा शेजारच्या खोलीत झोपला होता. मी उठून त्याच्याजवळ जाऊन बसले.

आणि २००८ ची ती बाई. लहानपणी मुंबईहून अमेरिकेला दत्तक गेलेली, तिथेच मोठी झालेली, तिथेच लग्न करून दोन मुलं झालेली. तिच्या नागरिकत्वाचे कागद कुणी पूर्णच केले नव्हते. एका गुन्ह्यात शिक्षा झाली आणि अमेरिकेने तिला 'परत' मुंबईला पाठवलं, जिथे तिला भाषाही येत नव्हती आणि ओळखीचं कुणी नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयात तिची याचिका होती. ज्यांनी कागद अपुरे ठेवले त्यांनी दुष्टपणाने ठेवले असं मला वाटत नाही. घरात मूल आलं, सगळे खूश झाले, बाकीचं पुढे बघू असं झालं असेल. म्हणून 'प्रेम आहे ना, मग कागद कशाला' असं माझ्यासमोर कुणी म्हटलं तर मी ऐकून घेत नाही.

एवढं सगळं मान्य करूनही तो निकाल वाचून मला एक गोष्ट खुपते. बाल न्याय कायद्यात नात्यातल्या दत्तकाची सोय आहे. 'नातेवाईक' म्हणजे कोण हेही कायद्याने सांगितलंय: काका, आत्या, मामा, मावशी, आजीआजोबा. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकाला भारतातल्या नातेवाइकाचं मूल दत्तक घ्यायचं असेल तर त्यासाठी कलम ६० आहे. बाहेर जाणाऱ्या मुलाची वाट आखलेली आहे. पण परदेशी पासपोर्टचं मूल आधीच भारतात, नातेवाइकांच्या घरात, पाच-सहा वर्षं राहत असेल तर त्याच्यासाठी कायद्यात एक ओळ नाही. ते निराधार नाही, म्हणून कायद्याचं नाही. म्हणजे त्याला सांभाळणारं घर आहे हीच त्याची अडचण झाली.

'अमेरिकेत जाऊन दत्तक घ्या' हे कागदावर बरोबर आहे. इथे राहणाऱ्याला त्याचा अर्थ कळतो. दत्तक हा अमेरिकेत केंद्राचा विषयच नाही, राज्यांचा आहे, आणि प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. बऱ्याच राज्यांत अर्जदार काही महिने तिथले रहिवासी असावे लागतात. समाजसेविका घरी येऊन पाहणी करते, बोटांचे ठसे घेतले जातात, उत्पन्न तपासलं जातं. भारतातलं एखादं जोडपं हे पर्यटक व्हिसावर, एका वेळी साधारण सहा महिनेच राहून, नोकरी सोडून कसं करणार? आणि समाजसेविका पाहणी कोणत्या घराची करणार? मुलाचं घर तर भारतात आहे.

इथे हेग करार मला जास्त शहाणा वाटतो. तो पासपोर्ट विचारत नाही. मूल नेहमी राहतं कुठे आणि घेणारे राहतात कुठे, हे विचारतो. काही महिन्यांचं असताना भारतात आलेलं, तिथेच बोलायला आणि चालायला शिकलेलं मूल त्या अर्थाने परदेशातून येतच नाही. सीमा त्याने कधीच ओलांडली.

आता दिरांच्या मुद्द्याबद्दल, कारण तो पुष्कळांच्या मनात असतो. अमेरिकेत जन्मलं की चौदाव्या घटनादुरुस्तीने मूल नागरिक होतं, त्यासाठी आईबापांना अर्ज करावा लागत नाही. पासपोर्ट काढला जातो कारण त्याशिवाय विमानात बसता येत नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी मराठी घरांतली बाळं चार-पाच महिन्यांची असताना आजीबरोबर कोल्हापूरला, नागपूरला गेली आहेत, कारण आईची रजा संपली आणि इथलं पाळणाघर परवडत नव्हतं. बहुतेक वर्षाभरात परत येतात. काही येत नाहीत. घरात आजार येतो, नोकरी जाते, लग्न मोडतं. पासपोर्ट काढताना कुणी कायदा वाकवण्याचा बेत केलेला नसतो. त्या कोर्टातल्या कुटुंबात काय घडलं ते मला माहीत नाही आणि ते शोधण्याचा मला अधिकारही नाही.

चुलत सासऱ्यांनी आणखी एक विचारलं होतं: देशात दत्तकासाठी लोक तीन-साडेतीन वर्षं रांगेत थांबतात, मग यांनाच सवलत का? २०२४-२५ मध्ये देशातली एकूण ४,५१५ मुलं दत्तक गेली आणि हा बऱ्याच वर्षांतला उच्चांक होता. थांबलेले आईबाप याच्या कितीतरी पट आहेत. पण नात्यातल्या दत्तकाने त्या रांगेतलं एकही मूल कमी होत नाही. ते मूल रांगेत कधी नव्हतंच.

मग १८९० चा पालकत्वाचा कायदा आहे ना, असंही म्हणतात. आहे. कोर्टाकडून पालक म्हणून नेमणूक मिळते, शाळा, दवाखाना चालतो. पण ते नातं मूल अठराचं झालं की संपतं आणि वारसा मिळत नाही. आपल्या मराठीत पालक म्हणजे आईवडीलही आणि सांभाळणारेही. शाळेच्या फॉर्मवर 'पालकाची सही' कुणीही करतं. कायद्यात मात्र हे दोन वेगळे आहेत, आणि आमच्याकडे येण्याआधी नणंदेच्या मुलाला मी दोन्ही होऊ शकते का, हा प्रश्न मला रात्र रात्र पडायचा.

वाट काढता येते, हे आपण पाहिलं आहे. हिंदू दत्तक कायद्याखाली मूल दत्तक घेऊन परदेशी नेऊ पाहणारी कुटुंबं अशीच अधांतरी लटकली होती. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने दत्तक नियमावलीत दुरुस्ती केली: जिल्हाधिकाऱ्यांनी पडताळणी करावी, कारा ना हरकत प्रमाणपत्र देईल. पडताळणी ठेवली आणि रस्ताही दिला. मला हवंय ते एवढंच. परदेशी नागरिक असलेलं मूल ठरावीक वर्षं भारतात जवळच्या नातेवाइकाकडे राहत असेल, जन्मदात्यांची लेखी संमती दूतावासात नोंदवलेली असेल, जिल्हा बाल संरक्षण कक्षाने घर पाहिलं असेल आणि मुलाशी एकट्याने बोललं असेल, तर कारामार्फत त्याचं दत्तक भारतात व्हावं. मुलाशी बोलण्याची अट मी मुद्दाम घालते. आमच्या वेळी आमच्या मुलाला कुणीच काही विचारलं नाही. तो दोन वर्षांचा होता हे खरं. पण तो पाच-सहाचा असता तरी कुणी विचारलं असतं असं मला वाटत नाही.

आज तो तेरा वर्षांचा आहे. ह्यांना बाबा म्हणतो, भाऊजींना पप्पा, आणि दर रविवारी पप्पांशी तासभर बोलतो. २०२१ मध्ये आम्हाला ग्रीन कार्ड मिळालं. आमच्यापैकी एकजण नागरिक झाला की तो अठराच्या आत असल्याने आपोआप नागरिक होईल. तरीही त्याच्या नावाचं प्रमाणपत्र वेगळं काढायचं मी ठरवलं आहे. मुंबईला पाठवलेली ती बाई मी विसरलेली नाही.

ग्रुपवर मी शेवटपर्यंत काही लिहिलं नाही. पण गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या मराठी मुलीचं बाळ पाच महिन्यांचं झालं आणि तिची आई त्याला साताऱ्याला न्यायला निघाली. मी विचारलं, "संमतिपत्र केलंय का?" दोघी माझ्याकडे पाहतच राहिल्या. शनिवारी आम्ही तिघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो आणि मसुदा लिहिला: बाळ कोणाकडे राहील, किती काळ, दवाखान्याचे निर्णय कोण घेईल, आईबापांपैकी कुणाला काही झालं तर काय. नोटरी आणि ॲपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का, करून मूळ प्रत आजीजवळ द्यायची. शेवटचं कलम आजींनी मला दोनदा वाचायला लावलं. मग चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "हे मराठीत पण लिही, मला रोज वाचता येईल असं."