प्लाय १८चा नसतोच, काका

नमस्कार काका,

यंत्राने कापलेल्या प्लायवूडच्या घरावरच्या माझ्या लेखावरून तीस वर्षं ठेकेदारी केलेल्या माणसाने एवढं सविस्तर झापलंय, तर उत्तरही सविस्तर द्यायला हवं. तुमचं म्हणणं : प्लायवूडचं घर म्हणजे प्रदर्शनातलं खेळणं, एका पावसाळ्यात ते फुगणार, आणि घराचा पैसा जातो जमिनीत, तर यंत्राने काय स्वस्त होणार? वर 'यंत्र चुकतच नाही असा तुमचा सूर आहे' हा टोला.

जमिनीचं मान्य. मुंबई-पुण्यात तर शंभर टक्के. पण लेख अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरावर होता. २००५च्या कतरिना वादळानंतर तिथे कितीतरी जणांची जागा शाबूत होती, घर तेवढं गेलं होतं. एमआयटी विद्यापीठाच्या लॅरी सास यांनी तिथल्या 'शॉटगन' घराचा (अरुंद, खोलीमागे खोली) नमुना सीएनसी राउटरवर (संगणकाच्या आज्ञेने लाकूड कापणारं यंत्र) कापलेल्या प्लायमधून उभारला. खाचेत कुसू (फळीचं पुढे आलेलं टोक) बसवायचं, रबरी हातोड्याने ठोकायचं. २००८ साली तो न्यूयॉर्कच्या 'मोमा' या आधुनिक कलेच्या संग्रहालयाशेजारी मांडला होता, म्हणजे 'प्रदर्शनातलं' हे अगदी खरं! पण ओसरीवरची नक्षीही यंत्रानेच कापली होती. स्वस्त घर म्हटलं की पहिली कात्री नक्षीला लागते. इथे ती टिकली, म्हणून मला ते घर आवडलं.

आता यंत्राचं. मी एकदा चांगलाच तोंडावर आपटलोय. छोट्या शेडसाठी १८ मिमीचा म्हणून प्लाय आणला. खाचा कापून झाल्यावर जाडी मोजायला कॅलिपर लावला, तर १७.३! सांधे खुळखुळायला लागले. शेवटी सुतारमामांनी पाचरी मारून शेड उभी केली. यंत्राने बिचाऱ्याने सांगितलं तेच कापलं होतं. प्रत्येक खाच मी स्क्रीनवर सुटी सुटी आखली होती, ही खरी चूक. प्लायची जाडी एकाच जागी आकडा म्हणून ठेवली असती, तर तिथे १७.३ टाकताच सगळ्या खाचा आपोआप बदलल्या असत्या. संगणकीय रचनेत मला पैसे वाचताना दिसतात ते इथे.

पावसाचं म्हणाल, तर प्लायची कड उघडी राहिली की तो फुगतोच, आणि वाळवी न्यू ऑर्लिन्सलाही भरपूर आहे. कोकणात मी चिराच वापरेन.

एक दुरुस्ती मात्र तुमच्यामुळे केली. लेखात 'खिळ्यांशिवाय घर' होतं, तिथे आता 'खिळ्यांशिवाय सांगाडा' आहे. पाया, नळ, वायरिंग राउटरवर कापून निघत नाही.