स्वर्गमंडपात चटके

पुरातन देवळं बघायला सकाळी सातला जावं, तेव्हा ऊन तिरपं असतं आणि कोरीवकाम उठून दिसतं, असं जाणकार लिहितात. या जाणकारांना सासुरवाडी नसावी. मला आहे, आणि ती कोल्हापुरात आहे. तिथं मिसळ खाल्ल्याशिवाय जावयाला उंबरा ओलांडू देत नाहीत. मिसळ झाली की तिच्यावर उतारा म्हणून चहा येतो, आणि चहा संपेपर्यंत "आता एवढ्या उन्हाचं कुठं निघालाय?" असा काळजीचा प्रश्न. उशीर करणारेही तेच, काळजी करणारेही तेच.

मला खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ बघायचं होतं. एकट्याने, निवांत. हे मी नाश्त्याच्या वेळी बोललो आणि गाडीत सहा जण झाले.

खिद्रापूर कोल्हापूरपासून साठेक किलोमीटर, शिरोळ तालुक्याच्या पार टोकाला, कृष्णेच्या काठावर. पण वाटेत नरसोबाची वाडी लागते. दत्ताला टाळून पुढं जाणं सासूबाईंना मंजूर नव्हतं, बासुंदीला टाळून जाणं सासऱ्यांना. दर्शनाला रांग होती, बासुंदीलाही होती. मग कवठाची बर्फी कुणाकुणाला न्यायची याची यादी झाली, यादीतून चुकून एक आत्या राहिली, म्हणून पुन्हा दुकानात. खिद्रापुरात पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. महिना मे. गावात चिटपाखरू नव्हतं. कुत्रीसुद्धा ट्रॉलीखाली झोपली होती.

दाराशी चपला काढल्या. तिथून देवळाच्या पायरीपर्यंत दगडी फरसबंदी आहे. हा आपल्याकडचा काळा दगड, बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून लाव्हा होऊन बाहेर आला. मे महिन्यात भर दुपारी त्याला ते आठवतं. पहिली चार पावलं मी भक्तिभावाने टाकली, नंतरची टाचांवर, आणि उरलेलं अंतर कसं पार केलं ते भाचीच्या मोबाईलमध्ये आहे. सासूबाई मात्र शांतपणे चालत आल्या. आयुष्यभर अनवाणी वाऱ्या केलेल्या पायांपुढं आमच्या पुणेरी तळव्यांचं काय चालणार?

पायरी चढून आत गेलं की पहिल्यांदा लागतो स्वर्गमंडप. नाव ऐकून सावली असेल असं वाटतं. तर या मंडपाला मधोमध छतच नाही! वर गोल मोकळं आभाळ, खाली बरोबर त्याच मापाची गोल शिळा, भोवती खांबांचं कडं, आणि कड्याला आठही दिशांचे रक्षक आपापल्या वाहनांवर बसलेले. त्या शिळेला रंगशिळा म्हणतात. त्रिपुरी पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र त्या झरोक्यावर येतो, तो सोहळा बघायला लोक लांबून येतात. आम्ही आलो तेव्हा झरोक्यावर सूर्य आला होता. मला रंगशिळेवर उभं राहून वर बघायचं होतं. उभा राहिलो. रंगशिळेवर नर्तन का होत असावं, ते तळपायातून तात्काळ मस्तकात गेलं.

मी उडी मारून सावलीत आलो तोवर सासऱ्यांनी एका खांबाला टेकून निकाल दिला होता. "हेमाडपंथी आहे."

महाराष्ट्रात चुना न वापरता रचलेलं कुठलंही देऊळ हेमाडपंथी असतं. हेमाडपंत म्हणजे देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री, महादेवराव आणि रामदेवराव यांच्या दरबारातला, म्हणजे 1260 च्या आगेमागे. दगडाला दगड खाचेत बसवून, चुन्याशिवाय बांधायची रीत त्याच्या कितीतरी आधीची. आणि या देवळाच्या दक्षिण दाराशी सिंघण यादवाचा शके 1136 चा शिलालेख आहे. म्हणजे 1213-14 साली सिंघणाने इथे दान दिलं तेव्हा देऊळ शिलाहार राजांनी बांधून उभं होतं आणि हेमाडपंतांच्या दरबारी कारकिर्दीला अजून चाळीसेक वर्षं अवकाश होता. हे सगळं मी आदल्या रात्री वाचून गेलो होतो. अत्यंत नम्रपणे सांगितलं.

"बरोबर," सासरे म्हणाले. "म्हणजे आधीचं हेमाडपंथी."

जावयानं कुठं थांबावं हे जावयाला कळतं.

खांबाआड एक म्हातारबाबा बसले होते. त्यांनी आमचा वाद मिटवला. "पांडवांनी बांधलंय वं. एका रात्रीत. कोंबडं आरवलं आन् छत राह्यलं." सासऱ्यांचं मत, झरोका यज्ञाचा धूर जायला ठेवला. भाचीचं मत, रील्ससाठी ही लाईट एकदम परफेक्ट आहे. ही तिन्ही मतं मांडली गेली तेव्हा वर कुणीही बघत नव्हतं. मग सासऱ्यांनी बाबांना भुयाराचं विचारलं. भुयार होतंच, आणि ते पन्हाळ्याला जात होतं. कोल्हापूर जिल्ह्यातलं प्रत्येक भुयार पन्हाळ्याला जातं. ती सगळी खरी असती तर आम्ही सावलीसावलीने आलो असतो आणि मधे बासुंदी लागली नसती.

एव्हाना बाहेरची फरशी आणखी तापली होती. चपला दाराशी दिसत होत्या, पण त्यांच्यापर्यंत जाणार कोण? गाडीत छत्री होती, पाण्याच्या बाटल्या होत्या, बर्फीही होती. आमच्यात मोजे फक्त मेहुण्याच्या पायात होते, आणि ते मागण्याइतकी जवळीक लग्नाला पंधरा वर्षं होऊनही झालेली नव्हती. थोडक्यात, आम्ही अडकलो. आणि अडकलो म्हणून देऊळ बघायला लागलो. मोकळे असतो तर दहा मिनिटांत फोटो काढून, घंटा वाजवून बाहेर पडलो असतो, हे मी आमच्या घराण्याला ओळखून सांगतो.

सुरुवात मेहुण्याने केली. त्याचं एमआयडीसीत लेथचं, म्हणजे धातू फिरवून कातायच्या यंत्राचं, छोटं वर्कशॉप आहे. देवळाबिवळाशी त्याचं काही देणंघेणं नाही, तो निव्वळ गाडीत जागा होती म्हणून आला होता. सभामंडपाच्या एका गोल खांबापुढं तो उभा राहिला तो हलेचना. खांबाभोवती कोरलेल्या गोल कड्यांवरून त्याने अंगठ्याचं नख फिरवलं, एक पूर्ण वळसा, सावकाश. मग खाली बसून एक डोळा मिटला आणि खांब तळापासून वर बघितला.

"दाजी, टूल मार्क न्हाई कुठं."

"बरं."

"बरं काय? ह्यो जॉब चकात धरला कसा असंल? दगडाचं घनमीटरला तीन टन धरा. एवढं वजन फिरवायचं, सेंटर हलू द्यायचं न्हाई, आन् फिनिश ही असली." त्याने खांबावर तळहात ठेवला. "आमच्याकडं कास्टिंगला एवढी फिनिश आली न्हाई तर पार्टी माल परत करती."

फिरवून कातले की हाताने घासून गोल केले, यावर मी आदल्या रात्री वाचलेलं काहीबाही सांगणार होतो, पण तो पुढच्या खांबाकडे गेला होता. चौकोनी खांब, मग अष्टकोनी, मग गोल. एकाच खांबात चौकोन, अष्टकोन आणि वर्तुळ एकावर एक चढवलेले. प्रत्येकाशी थांबून तो मान हलवत होता, आणि मधेच पुटपुटत होता, "आन् रिजेक्शन गेलं कुठं? एवढं काम झालंय म्हंजे रिजेक्शन निघालंच असणार." हा प्रश्न मी कुठल्याही पुस्तकात वाचलेला नाही. आमच्यात देऊळ खऱ्या अर्थाने त्याने एकट्याने बघितलं असं माझं मत झालं आहे, आणि ते मी त्याला सांगणार नाही. वर्कशॉपला आधीच सुट्टी मारायची सवय आहे त्याला.

भाचीही रील सोडून त्याच्यामागे फिरायला लागली. तिने शोधून काढलं, की झरोक्यातून पडलेला उन्हाचा गोल आपण आल्यापासून वीतभर सरकलाय. मग तिने त्याच्या कडेला चाव्यांचा जुडगा ठेवला आणि पाच मिनिटांनी चाव्या सावलीत गेल्या का ते बघायला आम्हा सगळ्यांना उकिडवं बसवलं. गेल्या होत्या. सासरेसुद्धा "अरेच्चा" म्हणाले.

भिंतीच्या सावलीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून, एकामागे एक, आम्ही बाहेरचं गजपीठही थोडंसं बघितलं. देवळाच्या तळाशी हत्तींची रांग आहे, अख्खा भार पाठीवर घेतलेली. कितीकांच्या सोंडा तुटलेल्या. तरी कुणी जागा सोडलेली नाही. रांग पूर्ण बघायची तर उन्हाची बाजू लागते. ती लागताच आम्ही माघारी फिरलो.

गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत, आणि दारात नंदी नाही. महादेवाच्या देवळात नंदी नाही! यावर सासूबाई बोलल्या, आणि त्या बोलतात तेव्हा ते शेवटचं असतं. दक्षाच्या यज्ञात सतीने देह टाकला, महादेव कोपले, ते कोपेश्वर. त्यांची समजूत काढायला विष्णू आले, ते शेजारचे धोपेश्वर.

"आणि नंदी?" भाचीने विचारलं.

"सती माहेरी निघाली तेव्हा महादेवांनी दिला ना तिच्यासंगं. बाईमाणूस माहेरी चालत जाणार होय?" हे म्हणताना सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, कारण दर सुट्टीला बायकोला माहेरी गाडीने आणून सोडणारा नंदी त्यांच्या समोरच बसला होता. "तो तिकडंच राह्यला. यडूरला. नदीपलीकडं, इकडं तोंड करून बसलाय बिचारा."

"यडूर म्हणजे कर्नाटकात?"

"मग काय झालं? नंदीशिवाय महादेवाचं दर्शन अर्धंच. आता आलोच आहोत तर जाऊन येऊ."

दोन वाजले होते. सासऱ्यांनी लगेच यडूरला जेवण मिळतं का याची चौकशी सुरू केली. बायको माझ्याकडे बघत होती. माझी मान आपोआप डोलली.

मेहुणा शेवटचा खांब सोडून आला. आमचे सगळ्यांचे चेहरे बघितले, लांब दाराशी पडलेल्या चपला बघितल्या, खाली बसला आणि पायातले मोजे काढून माझ्या हातात दिले.

"ड्रायव्हर तुमी हाय. पळत जावा आन् सगळ्यांच्या चपला घिऊन या. आन् दाजी, मोजे परत देऊ नका. यडूरलाबी फरशीच हाय."