निफाडची थंडी, बागेतल्या शेकोट्या आणि आमचे दांडगे हिवाळे

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्याचे नाव महाराष्ट्राला दोन गोष्टींमुळे ठाऊक आहे, द्राक्षे आणि थंडी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात बातम्यांमध्ये येतो. डिसेंबर २०१८ मध्ये तो २ अंशांच्याही खाली उतरला होता आणि द्राक्षाच्या पानांवरचे दव गोठले होते. बाहेरच्या माणसांना या बातमीचे नवल वाटते. ऐंशीच्या दशकात या तालुक्यात लहानपण गेलेल्या माझ्यासारखीला मात्र तो आकडा वाचताच पहाटेच्या धुराचा वास येतो आणि आईची नजर चुकवून केलेले सगळे उद्योग एकामागोमाग एक आठवू लागतात.

हिवाळा जवळ आला की आमच्या पिढीचे लोक ‘आम्ही पडलो, फुटलो, तरी जगलो’ असे अभिमानाने लिहितात, आणि त्याच वेळी आजच्या लहान मुलांचे आईवडील ‘आता बाहेर सोडायची हिंमत होत नाही’ असे म्हणतात. मला दोन्ही बाजू मनापासून समजतात. तरीही दोन्हीकडे एकच घोटाळा होतो आहे असे मला वाटते, आणि तो नीट मांडायचा तर आधी आम्ही नेमके काय करत होतो ते सांगायला हवे.

ऑक्टोबर छाटणीच्या बागेत डिसेंबर-जानेवारीत घड भरत असतात. मण्यांत पाणी उतरू लागलेले असताना कडाक्याची थंडी पडली की मणी तडकतात, आणि वर्षभराचा खर्च केलेला शेतकरी रात्रभर जागा राहतो. अशा रात्री बागेला विहिरीचे पाणी द्यायचे, कारण जमिनीखालचे पाणी हवेपेक्षा उबदार असते, आणि ओळींच्या टोकांना जागोजागी शेकोट्या पेटवून बागेत धूर धरायचा, ही इकडची जुनी रीत आहे. मोठ्यांसाठी ती काळजीची रात्र असे. आम्हा मुलांसाठी तो सण असे. पहाटे तीन-चारच्या सुमारास वडील आणि काका निघाले की आम्ही वाकळीतून उठून, कानटोप्या चढवून त्यांच्या मागे धावत असू, आणि कोणी परत पाठवत नसे, कारण शेकोट्या पुष्कळ असत आणि हात कमी.

प्रत्येकाला शेकोट्या वाटून दिलेल्या असत. छाटलेल्या काड्या, तुराट्या, उसाचे पाचट, गोवऱ्यांचे तुकडे असे जळण आधीच रचलेले असे. जाळ वेलीला लागता कामा नये, धूर मात्र ओळीत शिरला पाहिजे, म्हणून वारा कोणत्या अंगाने आहे हे माती उधळून पाहायचे. कोरडे पाचट भडकन पेटते आणि लगेच विझते, ओलसर गोवरी धुमसत राहते, हे कोणी शिकवले असे आठवत नाही. हातानेच कळत गेले. आजीचा एकच दंडक होता. ‘टेरिकॉटचं अंगात घालून जाळापाशी जायचं नाही, सुतीच घाल,’ असे ती दरवेळी बजावत असे, कारण तसले कापड पेटले की वितळून अंगाला चिकटते हे तिने कुठेतरी पाहिलेले होते. उजाडू लागले, मोठी माणसे चहाला बांधावर बसली, की आम्ही विझत आलेल्या निखाऱ्यांवरून उड्या मारायचो. आधी लहान शेकोटी, मग मोठी, मग दोन शेकोट्या सलग. पायाला चटके बसत. कोणी रडले तर चुलत भाऊ त्याचा पाय पाटाच्या पाण्यात धरून ठेवी आणि घरी न सांगण्याची शपथ घेतली जाई.

आंघोळ तिथेच, मोटारीच्या धारेखाली होई. हवा बोचरी आणि पाणी कोमट, त्यामुळे एकदा धारेखाली गेलेले पोर बाहेर यायला तयार होत नसे. धीट मुले सरळ विहिरीतच उडी घेत. थंडीत सकाळी विहिरीच्या पाण्यावर वाफ धरलेली दिसे आणि त्या वाफेत वरून उडी मारणाऱ्याला पाणी नेमके कुठे आहे ते दिसत नसे. विहिरीत उतरायला ज्यांना मुभा होती त्यांनी उन्हाळ्यात पाठीला डबा बांधून, वर दोर धरून उभ्या राहिलेल्या काकांच्या नजरेखाली पोहणे पक्के केलेले असे. ज्यांचे झालेले नसे त्यांनी कठड्यावर बसायचे, आणि हा नियम मोडायची हिंमत आमच्यातल्या सर्वांत वांड मुलालाही झाली नाही.

बाकी खेळांचे किती सांगावे! पाटाच्या भरावावरच्या वाळलेल्या गवतावरून पोत्यावर बसून घसरत यायचे, वडावर सूरपारंब्या खेळताना वरच्या फांदीवरून सरळ खाली झेप घ्यायची, भाड्याच्या मोठ्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून कैची मारत उतारावरून सुटायचे, हरभऱ्याचे डहाळे कोणाच्याही वावरातून उपटून आगीत टाकायचे आणि काळ्या तोंडांनी घरी जायचे.

उसाच्या गाड्यांबद्दल मात्र थोडे थांबून लिहायला हवे. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीड-नगरकडून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्या रांगेने रस्त्याने जात. आम्ही गाडीच्या मागे चालत जाऊन, लोंबणारे कांडे दोन्ही हातांनी धरून, पाय रोवून उपसायचो. गाडीवानाला ते कळत असे. ‘एकच घे गं पोरी, मोळी सुटंल,’ असे तो मागे न पाहता म्हणत असे. बैल माणसाच्या चालीने चालत, त्यामुळे पडले तरी धुळीत पडायचो. त्याच गाड्यांवर, उसाच्या ढिगावर, आमच्याच वयाची मुले चिरगुटे पांघरून बसलेली असत. आमचा हिवाळा खेळाचा होता आणि त्यांचा स्थलांतराचा. आज बालपणाच्या आठवणी लिहिताना ती मुले वगळून लिहिणे मला जमत नाही.

आणि मग संक्रांत. माझे आजोळ येवल्याचे. येवल्याची पैठणी सगळ्यांना माहीत असते, पण भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस सगळे गाव गच्च्यांवर आणि पत्र्यांवर चढलेले असते हे तिथे राहिल्याशिवाय समजत नाही. तिथे दोरा फिरकीवर नव्हे तर आसारीवर गुंडाळतात, आणि पतंग कापला की ‘वकाट’ अशी आरोळी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उठते. संक्रांतीच्या कितीतरी दिवस आधी मामाच्या वाड्यामागे मांजा तयार होत असे. फुटक्या बाटल्यांची काच कुटून वस्त्रगाळ करायची, सरस उकळायचा, त्यात रंग आणि काच घालून तो लगदा चिंधीत धरून सुती दोऱ्यावर ओढायचा, आणि खांबाखांबांवर ताणून वाळवायचा. बोटे कापत, त्यावर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवले जात. कटलेला पतंग पकडायला आम्ही छपरांवरून छपरांवर धावलेलो आहोत, आणि कुजलेला पत्रा कुठला हे आम्हाला मोठ्यांपेक्षा जास्त माहीत होते. तरी मुले पडत. हात गळ्यात बांधलेली दोन-चार पोरे दरवर्षी दिसतच.

येवल्याची मला फार अपूर्वाई वाटण्याचे आणखी एक कारण आहे. निफाडकडच्या गावात दहा-अकरा वर्षांची झाले तशी मला शेकोटीच्या उड्यांतून, सायकलीवरून, वडावरून एकेक करून खाली उतरवले गेले. ‘आता मोठी झालीस’ एवढेच कारण सांगत, आणि माझ्या बरोबरीच्या मुलांना तेच कारण कधी लागू होत नसे. येवल्यात मात्र मामी स्वतः आसारी धरून उभी राहायची, आणि शेजारच्या गच्चीवरच्या काकू समोरच्यांचे पतंग कापायच्या. ‘आमच्या लहानपणी सगळे मोकळे होते’ असे लिहिणाऱ्या माझ्या वयाच्या पुरुषांनी हे ध्यानात घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ते मोकळेपण अर्ध्या मुलांनाच मिळाले, आणि उरलेल्या अर्ध्यांना ते थोडे चाखवून काढून घेण्यात आले.

आता माझे म्हणणे. निखारा, फांदी, बैलगाडी, पत्र्याचे छप्पर, यांत धोका होता, पण तो मुलाला दिसत होता. जाळाची धग तोंडाला लागते, उंचीवर पोटात गोळा येतो, बैलाची चाल आपल्या चालीइतकीच असते. किती पुढे जायचे हे मूल स्वतः अजमावत जाते, आणि चुकले तर खरचटते ते त्याचेच. याउलट आज ज्याला मजा म्हणून मुलांच्या हाती दिले जाते त्यातल्या पुष्कळ गोष्टींचा धोका मुलाला दिसतच नाही, आणि तो भलत्याच माणसावर जाऊन आदळतो. नायलॉनचा मांजा घ्या. सुती दोरा ताण पडला की तुटतो, पावसाने कुजतो. नायलॉन तुटण्याआधी कापतो आणि झाडांवर, तारांवर महिनोन् महिने टिकतो. दुचाकीवरून जाणाऱ्यांचे गळे त्याने चिरले आहेत, आणि संक्रांतीच्याच दिवसांत गोदाकाठी नांदूरमध्यमेश्वरला उतरलेले पाहुणे पक्षी जिथे वावरतात, त्याच परिसरातल्या झाडांवर तो लोंबत असतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातो आणि आईवडीलच तो आणून देतात. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कार्बाइडच्या बंदुकींनी, म्हणजे नळीत कार्बाइडचा खडा आणि पाणी घालून बार उडवायच्या घरगुती खेळण्यांनी, कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. पाण्याशी संयोग झाल्यावर तो खडा किती वायू सोडेल आणि स्फोट कधी होईल, हे त्या नळीत डोकावणाऱ्या मुलाला कळणार कसे? उसाची बैलगाडी जाऊन तिथे ट्रॅक्टर आणि त्यामागे दोन ट्रॉल्या आल्या, त्या दिवशी आमचा कांडे उपसण्याचा खेळ संपायलाच हवा होता. चालत्या ट्रॉलीमागे धावणाऱ्या मुलाला मी आज स्वतः हाताला धरून बाजूला घेईन.

घोटाळा होतो तो इथे. आठवणीत रमणारे लोक या दोन्ही गोष्टींना एकच धाडस समजून दोन्हींचे कौतुक करतात, आणि घाबरलेले आईवडील दोन्हींना एकच संकट समजून दोन्ही बंद करतात. परिणामी मुलाला झाडावर चढू दिले जात नाही, पण बंदी असलेला मांजा गच्चीवर खुशाल चालतो.

नॉर्वेच्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी मुलांच्या धाडसी खेळांचा अभ्यास करून त्यांचे सहा प्रकार सांगितले होते: उंची, वेग, धारदार हत्यारे, आग-पाण्यासारखी धोक्याची तत्त्वे, दांडगी मस्ती, आणि मोठ्यांच्या नजरेआड हरवून जाणे. मी ती यादी प्रथम वाचली तेव्हा आमचा एक हिवाळाच कोणीतरी लिहून काढला आहे असे वाटले. कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये अशा खेळाची मुलांच्या शरीराला आणि मनाला गरज असते असे अधिकृतपणे सांगितले. बर्फाच्या देशांतले लोक थंडीत मुले बाहेर काढण्यासाठी एवढा विचार करत असताना, आपण आपल्या महाराष्ट्रातल्या सोनेरी उन्हाच्या जानेवारीत ‘सर्दी होईल’ म्हणून मुलांना घरात मोबाइल देऊन बसवतो, याचे मला खरोखर दुःख होते.

यावर माझे शहरातले मित्र विचारतात की बाग कुठून आणायची आणि वड कुठून आणायचा. प्रश्न रास्त आहे. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला खेळाचे मैदान असलेच पाहिजे असे म्हटले आहे, आणि ज्या शाळांना ते आहे त्यांची फाटके संध्याकाळी आणि सुटीत कुलूपबंद असतात. ती हिवाळ्यापुरती तरी उघडावीत, तिथे वाळूचा आणि मातीचा ढीग टाकावा, एक मजबूत झाड चढायला मोकळे ठेवावे आणि एखाद्या शिक्षकाने किंवा आजोबांनी अंतरावर बसून राहावे. आमच्या विहिरीच्या कठड्यावर दोर घेऊन उभे राहणारे काका जे करत होते तेच हे काम आहे. ते खेळात पडत नसत, पण जागचे हलतही नसत.

या जानेवारीत पुण्याहून भाचरे येणार आहेत. त्यांच्या आईशी माझे फोनवर सविस्तर बोलणे झाले आहे. शेकोटी मुलेच रचतील आणि पेटवतील, जवळ पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवू, अंगात सुती कपडे असतील, निखाऱ्यांवरून उडी मारायची की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे. भाचीला वेगळा नियम लागणार नाही, हे मी पहिल्यांदा सांगितले. येवल्याला संक्रांतीला नेईन, पण सुती दोराच घेईन, आणि ज्या गच्चीवर कोणाच्या आसारीवर नायलॉन दिसेल तिथून आम्ही मुलांना घेऊन उतरून येऊ. बहीण अजून निखाऱ्यांच्या बाबतीत राजी झालेली नाही. तिच्याशी पुन्हा बोलायचे आहे.