बाकड्यावरची रेघ अन् जिभेवरचा 'शे'

नवापूर स्टेशनवर एक बाकडं आहे, त्याच्या मधोमध हद्दीची रेघ. एका अंगाला महाराष्ट्र, दुसऱ्या अंगाला गुजरात. तिकीट खिडकी आपल्याकडे, स्टेशन मास्तर त्यांच्याकडे. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत. आणि पलीकडच्या गठुड्यावर बसलेल्या बाया आपसात बोलतात मावची ही आदिवासी बोली, नाहीतर आपली खानदेशची अहिराणी. चारांतली एकही नाही!

१ मे १९६० ला नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या तालुक्यांतली काही गावं गुजरातेत गेली. सातबारे गेले, बोली जागच्या जागी राहिली. 'काय आहे?' विचारायला तिकडे 'शुं छे?', इकडे 'काय शे?' तिकडे 'गामनो, गामनी', इकडे 'गावना, गावनी'. तिकडे 'आवजो', इकडे 'येजो'.

यावरून कुणी म्हणतं, अहिराणी म्हणजे अर्धी गुजरातीच. थांब भो! गुजराती 'छे' एकाला तेच आणि चारांना तेच. आपला 'शे' चार माणसं दिसली की 'शेतस' होतो. 'मला' म्हणायला त्यांचं 'मने', आपलं 'माले'. १९०७ साली ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणात अहिराणीसकट खानदेशी भिल्ली भाषांच्या खंडात बसवली होती. २०११ च्या जनगणनेत ती वेगळी मोजली, तर बोलणारे १८ लाखांवर निघाले. कुणाची अर्धी वगैरे काही नाही.

खरा वैताग नकला करणाऱ्यांचा. धुळ्याचं धुये, जळगावचं जयगाव, डोळ्याचा डोया केला की यांची अहिराणी तयार. 'ळ'ला जीभ मागे वळवून टाळूला टेकवावी लागते, 'य'ला कुठेच टेकवावी लागत नाही. म्हणून आम्ही म्हणे आळशी! मग इथे-तिथेला 'आठे', 'तठे' म्हणताना तीच जीभ कोण वळवतं?

सगळ्यात आधी फसतं ते 'माले'च्या जागी 'मले'. तसं मुक्ताईनगरकडे, वऱ्हाडाच्या वाटेवर म्हणतात. धुळ्याच्या माणसाच्या तोंडी ते घातलं की सोंग उघडं पडलंच. दुसरी खोट क्रियापदात. मी करस, तू करस, तो करस, तिघांना एकच रूप, अनेकवचनात करतस. नकलाकार मात्र 'मी करतो शे' असलं काहीतरी ठोकून देतात. य-ळ नंतर शिका, आधी हा 'स' घोटा. 'ण'चा 'न' तर आपोआप होतो, पानी म्हटलं की झालं.

आणि बदली होऊन आलेल्यांसाठी एक सूचना. 'वायरमन येस का?' असं विचारल्यावर 'येस' उत्तर आलं, तर तो इंग्रजी फाडत नाहीये, 'येतो' म्हणतोय. पुढे 'कव्हय?' म्हणजे केव्हा, असं विचारलं की तो सांगेल 'सकाय'. ही सकाय म्हणजे सकाळ नव्हे, उद्या. नवा माणूस सकाळी सातला दार उघडून बसतो, वायरमन येस संध्याकाळी सहाला. अन् वरून त्यालाच वाटतं, साहेब बिनकामाचे चिडतस.