बोर्डाखालच्या पायऱ्या

सकाळपासून एका फोटोनं डोकं फिरलंय. बेळगावातल्या एका खासगी दवाखान्यानं ‘दिव्यांगांसाठी’ रॅम्प बांधला, फीत कापली, आणि आता तो फोटो ग्रुपाग्रुपांत फिरतोय. खाली अभिनंदनांचा पाऊस. तीन पायऱ्या, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर चढ. रॅम्प फार तर २ मीटर. वर गुळगुळीत ग्रॅनाइट! आपल्याकडच्या जुलैत त्यावर धडधाकट माणसानं उभं राहून दाखवावं.

प्रमाण ठरलेलं आहे, १:१२, म्हणजे चढाच्या बारा पट लांब उतार. ४५ सेंटिमीटरला ५.४ मीटर उतार लागतो. ७० किलोचा पेशंट आणि १८ किलोची खुर्ची १:१२ वर चढवायला सात-आठ किलोचा जोर पुरतो, या घसरगुंडीवर वीस. तरणा मुलगा ढकलेल हो. साठीतल्या बायकोनं काय करायचं? त्यात रॅम्प रस्त्याला टेकतो तिथं दोन बोटं धार सोडलीय. पुढची लहान चाकं तिथंच अडतात आणि बसलेला माणूस तोंडावर येतो.

अशा वेळी अपंगांच्या हक्कांसाठी लढलेले जावेद अबिदी आठवतात. जन्मतः स्पायना बिफिडा (मणक्यातला जन्मजात दोष), योग्य निदानाला उशीर, पंधराव्या वर्षापासून व्हीलचेअर. उपचार वेळेत न मिळण्याची किंमत त्या माणसाला कुणी शिकवायला नको होती. १९ डिसेंबर १९९५ ला दिल्लीत अपंगांचा मोर्चा काढला आणि त्याच आठवड्यात संसदेनं अपंगांच्या हक्कांचा कायदा मंजूर केला. २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग आले तेव्हा पाठपुरावा करून कुतुबमिनारला तात्पुरते रॅम्प बसवून घेतले. त्या कायद्याच्या जागी आणलेल्या २०१४ च्या विधेयकावरून चळवळीतलेच बरेच जण त्यांच्यावर चिडले होते, तेही उगाच नव्हतं. पण शेवटी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला. कलम २५ बघा की: सरकारी आणि खासगी, दोन्ही दवाखान्यांच्या सगळ्या भागांत अडथळ्याविना प्रवेश, शिवाय तपासणीत प्राधान्य. ४ मार्च २०१८ ला अबिदी गेले, अवघ्या ५२ व्या वर्षी.

‘सगळ्या भागांत’ म्हटलंय. फोटोतल्या रॅम्पवरून पेशंट कसाबसा आत गेला, पुढं? खुर्चीची बैठक ४५-५० सेंटिमीटरवर, तपासणीचं टेबल ८० वर. मग दोघं जण काखेत हात घालून उचलणार, नाहीतर डॉक्टर खुर्चीतच वरवर तपासणार. खुर्चीसकट वजन घेणारा काटा नाही, म्हणून औषधाचा डोस अंदाजे. संडासाचं दार आत उघडणारं. माणूस आत पडला की दार त्याच्याच अंगावर अडतं. दार बाहेर उघडणारं हवं, ९० सेंटिमीटर मोकळं, आणि आत खुर्ची वळायला दीड मीटर जागा.

खडेबाजारातल्या जुन्या इमारतीत ५.४ मीटर आणायचे कुठून, हे मान्य. मग मध्ये सपाट टप्पा देऊन उतार वळवा, छोटी लिफ्ट बसवा, नाहीतर तळमजल्यावरच्या मागच्या दारानं घ्या. पण ते दार उघडं ठेवा!

आणि आपण? दवाखान्याचा बोर्ड मराठीत का नाही यावर रात्र रात्र भांडतो. भांडायलाच हवं. पण त्याच बोर्डाखालच्या तीन पायऱ्यांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, ना मराठीतून ना कन्नडमधून.

अभिनंदन करणाऱ्यांनी उद्या टेप घेऊन जा. चढाची उंची, उताराची लांबी, दाराची रुंदी मोजा, टेप दिसेल असे फोटो काढा आणि कलम २५ लिहून राज्याच्या दिव्यांग आयुक्तांना पाठवा. कायदा मोडला तर पहिल्या खेपेला १० हजारांपर्यंत दंड आहे, पुढं ५० हजार ते ५ लाख. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.