सहलीत सहा ठिकाणं नकोत, एक लेणं पुरे

डिसेंबर-जानेवारी म्हणजे शाळांच्या सहलींचा हंगाम. लोणावळा भागातल्या एकदिवसीय सहलीचं ठरलेलं वेळापत्रक काढून बघा: कार्ले, भाजे, वर लोहगड, मेणाचे पुतळे, वॉटर पार्क आणि चिक्की खरेदी. यात कार्ल्याच्या वाट्याला फार तर चाळीस मिनिटं येतात. त्यातली निम्मी पायऱ्या चढण्यात आणि उरलेली रांगेत उभं राहून सामूहिक फोटो काढण्यात जातात. नंतर वर्गात ‘माझी सहल’ हा निबंध येतो आणि त्यात लेण्याबद्दल एकच वाक्य असतं, ‘लेणी फार प्राचीन व सुंदर आहेत.’ दोष मुलांचा नाही. त्यांना काय बघायचं हे कुणी सांगितलेलंच नसतं.

माझं स्पष्ट मत आहे की वारसा शिकवायचा तर ठिकाणं कमी करा आणि एका ठिकाणी जास्त वेळ द्या. माहिती आधी सांगू नका, आधी बघायला लावा. सातवी-आठवीच्या चाळीस मुलांच्या वर्गासाठी हे कसं करता येतं, ते कार्ल्याचंच उदाहरण घेऊन सविस्तर लिहितो आहे. शिक्षक मंडळींनी हवं ते उचलावं, हवं तिथे बदलावं.

सुरुवात सहलीच्या आधी, वर्गात, एक रुपयाच्या नाण्यापासून करा. प्रत्येक बाकावर एक नाणं आणि जमलं तर एक भिंग. नाण्यावर किती सिंह दिसतात? तीन. मग चार मुलांना वर्गाच्या मध्यभागी पाठीला पाठ लावून, चार दिशांना तोंड करून उभं करा आणि बाकीच्यांना समोरून बघायला सांगा. एकाचा चेहरा पूर्ण दिसतो, दोघांचे बाजूने दिसतात, चौथा दिसतच नाही. राजमुद्रेवर तीनच सिंह का, हे पुन्हा समजावून सांगावं लागत नाही. मग खालची पट्टी बघा. मधे चक्र, बघणाऱ्याच्या उजव्या हाताला बैल, डाव्या हाताला घोडा. मूळ पट्टी गोल आहे आणि तिच्यावर चार चक्रं व चार प्राणी आहेत. कागदाच्या लांब पट्टीचे आठ समान भाग पाडून, एक सोडून एक चक्र काढून, मधल्या जागी डावीकडून घोडा, बैल, हत्ती आणि सिंह काढून तिची टोकं चिकटवली की ही पट्टी तयार होते. पुठ्ठ्याच्या नळीवर बसवून फिरवली की नाण्यावर कुठले दोन प्राणी लपले आहेत ते मुलं स्वतः सांगतात.

हे शिल्प सारनाथच्या अशोकस्तंभाचं शीर्ष. १९०४-०५ च्या उत्खननात ते सापडलं, उंची सुमारे सात फूट, दगड चुनारचा वालुकाश्म. आज ते सारनाथच्याच संग्रहालयात आहे. २६ जानेवारी १९५० रोजी ते राजमुद्रा म्हणून स्वीकारलं गेलं, तेव्हा मूळ शिल्पातलं खालचं उलटं कमळ मुद्रेत घेतलं नाही आणि खाली मुंडकोपनिषदातलं ‘सत्यमेव जयते’ आलं. एवढं सांगून थांबा. कार्ल्याच्या दारात काय उभं आहे ते आत्ताच सांगू नका.

दुसऱ्या तासाला ब्राह्मी, म्हणजे कार्ल्यातले लेख ज्या प्राचीन लिपीत आहेत ती. घाबरू नका, पूर्ण लिपी शिकवायची नाही, पाच अक्षरं पुरतात. क म्हणजे अधिकचं चिन्ह. न म्हणजे उलटा टी. ग म्हणजे उलटा व्ही. ठ म्हणजे गोल. ध म्हणजे इंग्रजी डीसारखा अर्धगोल. फळ्यावर मोठी काढा, मुलांकडून स्वतःच्या वहीत काढून घ्या. मग त्यांना जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाबद्दल सांगा. सांचीच्या कठड्यांवरचे छोटे छोटे लेख बघताना त्याच्या लक्षात आलं की बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरं येतात. त्याने तर्क केला की ही देणगीची नोंद असावी, म्हणून शेवटचा शब्द ‘दानं’ असणार. तो तर्क बरोबर ठरला आणि १८३७ मध्ये ब्राह्मीचं कोडं सुटलं. तेराव्या वर्षीच्या मुलांना कोडी सोडवायला आवडतात आणि हे तर खरं कोडं आहे. लेख कार्ल्याच्या खांबांवरही आहेत, तिथेही शेवटी ‘दानं’ आहे. उलटा टी आणि त्याच्या शेजारी एक टिंब, एवढं ओळखलं तरी मूल दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखाचा शेवटचा शब्द वाचतं. याच्याइतकी आनंदाची गोष्ट इतिहासाच्या तासाला दुसरी कुठली असेल?

तिसरा तास मैदानावर. कार्ल्याचं चैत्यगृह, म्हणजे या बौद्ध लेण्यातलं स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, सुमारे ३८ मीटर लांब, १४ मीटर रुंद आणि जवळपास तेवढंच उंच. खेळाच्या मैदानावर टेप धरून फक्कीने ३८ बाय १४ चा आयत आखा. मुलांना त्याच्या कडेने चालू द्या. उंचीसाठी शाळेच्या इमारतीचे मजले मोजा, चार मजल्यांहून जास्त भरते. मग सांगा की एवढी जागा एकाच बसाल्टच्या कड्यातून कोरून रिकामी केली आहे, आणि लेणी छतापासून सुरू करून खाली कोरत आणतात, म्हणजे परांचीची गरज पडत नाही. छताजवळ चूक झाली तर काय? जोडायला दुसरा दगड नाही. हा प्रश्न विचारा आणि मुलांना भांडू द्या.

आता प्रत्यक्ष सहल. वार नीट निवडा. लेण्याच्या दारातच एकवीरा आईचं देऊळ आहे. कोळी समाजाची, सीकेपी मंडळींची आणि इतर असंख्य कुटुंबांची ती कुलदेवता, त्यामुळे रविवारी, मंगळवारी, शुक्रवारी गर्दी असते. नवरात्र आणि चैत्रातली यात्रा तर टाळाच. बुधवार-गुरुवार उत्तम. ही गर्दी म्हणजे लेण्याला आलेली अडचण, असं मात्र मुलांसमोर कधी म्हणू नका. एकाच कड्यावर संरक्षित स्मारक आणि जागतं देवस्थान शेजारी शेजारी आहे, आणि दोन्हींचा मान राखून कसं वागायचं हेही शिकायचंच आहे. दर्शनाला वेगळा अर्धा तास ठेवा. चैत्यगृहाचं तोंड पश्चिमेकडे आहे, म्हणून आत उजेड हवा असेल तर दुपारनंतर पोचा. सकाळी नेलं तर आतले लेख अंधारात राहतात आणि मुलं दहा मिनिटांत कंटाळतात. पायऱ्या साडेतीनशेच्या आसपास आहेत, तेव्हा वर पोचल्यावर दहा मिनिटं पाणी आणि विश्रांती. धापा टाकणाऱ्या मुलाला काहीही दाखवलं तरी दिसत नाही.

चाळीस मुलं एकदम आत घेऊ नका. आत आवाज घुमतो, एकाने हाक मारली की सगळे मारतात आणि मग पुढचा तास गेला म्हणून समजा. दहा-दहाचे चार गट करा. प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस. चार थांबे, प्रत्येकी वीस मिनिटं: बाहेरचा स्तंभ, दर्शनी भिंत, आतले खांब, शेवटी छत आणि स्तूप. प्रत्येक थांब्यावर पहिली दहा मिनिटं कुणीही बोलायचं नाही, फक्त चित्र काढायचं. कोऱ्या कागदाची वही, पेन्सिल, बाकी काही नाही. पेन घेऊ देऊ नका. दगडावर नाव लिहिण्याचा मोह पेनामुळेच होतो. चित्र चांगलं यायला हवं असं नाही. हात चालतो तेव्हा डोळा थांबतो, म्हणून काढायचं.

पहिला थांबा सिंहस्तंभ. डावीकडे उंच खांब, वर पाठीला पाठ लावलेले चार सिंह. इथे गप्प राहा. कुणीतरी खिशातलं नाणं काढतंच. सारनाथचं शिल्प अशोकाच्या काळातलं, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातलं, आणि हा स्तंभ त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी सह्याद्रीत उभा राहिला. आज जी राजमुद्रा आपण कागदोपत्री बघतो, तिची कल्पना तेव्हाच इथवर आली होती. राष्ट्रीय चिन्हांचा धडा या जागी जसा समजतो तसा पुस्तकातल्या चौकटीतून समजत नाही.

दर्शनी भिंतीवर दोन्ही बाजूंना हत्ती आहेत, स्त्री-पुरुषांच्या जोड्या आहेत आणि मधे मधे बुद्धमूर्ती आहेत. प्रश्न एकच द्या: यातलं सगळं एका वेळी कोरलं असेल का? नीट बघणाऱ्यांना बुद्धमूर्तींची धाटणी वेगळी दिसते. त्या काही शतकांनी भर पडलेल्या आहेत. स्मारक एका दिवशी तयार होऊन थांबत नाही, हे मुलांना इथे डोळ्यांनी कळतं.

आतल्या खांबांपाशी सर्वांत जास्त वेळ द्या. एकूण खांब ३७. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा नक्षीदार, स्तूपामागे सात साधे. आकडा सांगू नका, मोजू द्या. सात साधे का, यावर तर्क करू द्या आणि उत्तर शाळेत परतल्यावर बोला. मग लेख. शिक्षकाने टॉर्च लेखाच्या समोरून न धरता बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर धरावा. समोरून प्रकाश टाकला की अक्षरं सपाट होऊन नाहीशी होतात, बाजूने टाकला की प्रत्येक रेघेची सावली पडते. बोट लावायचं नाही, अक्षरात खडू तर अजिबात भरायचा नाही. फोटो छान यावा म्हणून खडू भरणारे मोठे लोक सगळीकडे दिसतात, पण खडू घासून काढताना अक्षराची कड जाते आणि ती पुन्हा येत नाही.

शोधायला सांगा दोन अधिकची चिन्हं शेजारी शेजारी. तो शब्द ‘धेनुकाकट’, इथल्या अनेक दात्यांच्या गावाचं नाव. एका खांबावर लिहिलं आहे, ‘धेनुकाकटा यवनस सिहधयान थंभो दानं’. धेनुकाकटच्या यवनाने, म्हणजे ग्रीक किंवा परदेशी माणसाने, हा खांब दिला. दाराच्या कामाची देणगी अत्तरं-सुगंध विकणाऱ्या सिंहदत्ताची. एक नाव सुताराचं आहे. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचं अभिमानाने लिहून ठेवतो. राजांचे लेखही आहेत, पण हे लेणं वर्गणीतून उभं राहिलं आहे आणि वर्गणी देणाऱ्यांत व्यापारी, कारागीर, परदेशी असे सगळे आहेत.

‘ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली’ असं कुणीतरी सांगतंच, कधी वाटाड्या, कधी मुलांचे आजोबा. त्यावर हसू नका. ती लोककथा आहे आणि लोककथेला तिची जागा आहे. मुलांना एवढंच विचारा की खांबावर काय लिहिलंय? आपल्याला हे कशावरून कळतं, हा प्रश्न मुलाच्या तोंडी बसला तर इतिहासाच्या शिक्षकाचं निम्मं काम झालं. वारशाचा अभिमानही मला असाच हवा आहे, पुरावा बघून आलेला. भाषण ऐकून आलेला अभिमान बसमध्ये बसेपर्यंतही टिकत नाही.

छताकडे बघायला मुलांना जमिनीवर पाठ टेकून झोपू द्या. वर कमानदार लाकडी फासळ्या आहेत, मूळच्या सागवानी. दगडाच्या छताला लाकडाचा आधार लागत नाही. मग त्या कशाला बसवल्या? आधी अशा इमारती लाकडाच्या बांधल्या जात आणि दगडात कोरतानाही तेच रूप डोळ्यांसमोर होतं. स्तूपावरची छत्रीही लाकडीच आहे. निघण्यापूर्वी दोन मिनिटं नियमांबद्दल: १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार संरक्षित स्मारक विद्रूप केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि राज्यघटनेच्या ५१-क अनुच्छेदात वारशाचं जतन हे प्रत्येक नागरिकाचं मूलभूत कर्तव्य आहे. जिथे कुणी नाव कोरलेलं दिसतं तिथे उभं राहून सांगा, लक्षात राहतं.

परतल्यावर आठवडाभरात चक्राचा धागा पुन्हा उचला, म्हणजे २६ जानेवारीची तयारी होते. ध्वजावरचं चक्र त्याच सारनाथच्या पट्टीवरून आलेलं आहे. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने ध्वज स्वीकारला. शाळाशाळांत भिंतींवर लागलेल्या ध्वजचित्रांत तीन चुका नेहमी असतात: आकार चौरस, आरे सोळा किंवा वीस, चक्र काळं किंवा आकाशी. वहीत १८ बाय १२ सेंटिमीटरचा आयत आखा, म्हणजे तिनास दोन हे प्रमाण आपोआप येतं. प्रत्येक पट्टा ४ सेंटिमीटर. चक्राचा व्यास ३७ मिलिमीटर, म्हणजे कंपासमध्ये साडेअठरा मिलिमीटर घ्या. ध्वजसंहितेतल्या १८०० बाय १२०० च्या ध्वजाला ३७० मिलिमीटरचं चक्र असतं, त्याचाच हा दहावा भाग. ३६० भागिले २४ म्हणजे १५ अंश. कोनमापकाने दर १५ अंशांवर खूण करा आणि आरे जोडा, गडद निळ्या रंगात. भूमितीचा तास यातच होऊन जातो. कार्यक्रमानंतर मैदानात पडलेले कागदी ध्वज गोळा करण्याची जबाबदारी एका वर्गाला आधीच नेमून द्या. ते केरात टाकायचे नाहीत, खासगीरीत्या, मान राखून त्यांची विल्हेवाट लावायची असते.

ज्या शाळांना कार्लं दूर पडतं त्यांनी बस ठरवायची गरज नाही. महाराष्ट्रातल्या किती तरी गावांत मारुतीच्या पारावर किंवा वेशीजवळ वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभा केलेला कोरीव दगड, असतो. सहसा खालच्या कप्प्यात लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्याशी चंद्रसूर्य. खालून वर वाचत जायचं. मुलांनी त्याची उंची-रुंदी मोजावी, चित्र काढावं, किती कप्पे, कोणती शस्त्रं, गाई दिसतात का, हे लिहावं. गाई असतील तर बहुधा गोधन सोडवताना पडलेला वीर. घासायचं नाही, तारेचा ब्रश आणि ॲसिड तर नाहीच, आणि ऑइलपेंट लावू नका असं ग्रामपंचायतीला मुलांच्याच सहीचं पत्र द्यावं. रंगाच्या थराखाली कोरीव काम बुजतं आणि रंग काढताना दगडाचे पापुद्रे निघतात. ही सगळी नोंद एका रजिस्टरमध्ये, तारखेसह, शाळेत ठेवा. पुढच्या वर्षीच्या वर्गाने त्याच दगडाची पुन्हा मापं घ्यावीत आणि नवी भेग, नवा रंग, काही सरकलंय का ते तपासावं.